झाडाकडे बघून पाढे पाठ होतात का?

प्रश्न : आमच्या सोसायटीतला गुलमोहर गेल्या उन्हाळ्यात पार्किंगसाठी तोडला. माझा नातू चौथीत आहे. त्याचं अभ्यासाचं टेबल त्याच बाजूच्या खिडकीशी. आता तिथून समोरच्या बिल्डिंगचे पाइप आणि एसीचे डबे दिसतात. सुनेने कुठेसं वाचलंय की हिरवळ दिसली की मुलांचं अभ्यासात लक्ष लागतं, त्यामुळे पोरगा जरा चुळबुळला की ती गुलमोहराच्या नावाने हळहळते. मुलगा म्हणतो, ‘‘थोतांड आहे सगळं. ज्यांच्या खिडकीतून बाग दिसते त्यांच्याकडे पैसा असतो, क्लास असतात, घरात शिकलेली माणसं असतात. पोरं हुशार होतात ती त्यामुळे.’’ रोज रात्री जेवताना दोघांचं वाजतं. कोण बरोबर ते सांगाच, पण मला वेगळंच कुतूहल आहे. असल्या गोष्टी शोधून काढतात तरी कशा? झाडामुळे मूल किती सुधारलं, हे कुठल्या तराजूत तोलतात?
– एक आजी, डोंबिवली

उत्तर : आजी, मुलाला सांगा की त्याची शंका अस्सल आहे. या विषयातले संशोधक गेली चाळीस वर्षं तिच्याशीच झुंजताहेत. झाडं असलेल्या वस्तीतल्या मुलांना जास्त गुण मिळाले, एवढं दाखवून काहीच सिद्ध होत नाही. झाडांबरोबर तिथे चांगली शाळा, पोटभर दूध आणि स्वतंत्र खोलीही असते. मग झाडाचा वाटा वेगळा काढायचा कसा? त्यासाठी लोकांनी ज्या युक्त्या लढवल्या, त्यांतच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे.

पहिली युक्ती मुलांवरची नाही, पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या मोठ्या माणसांवरची आहे. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात एका हॉस्पिटलच्या काही खोल्यांच्या खिडकीतून झाडं दिसत आणि तशाच काही खोल्यांतून विटांची तपकिरी भिंत. बाकी खोल्या सारख्या. पेशंटला कुठली मिळायची? जी रिकामी असेल ती. म्हणजे झाडाची खोली पैशाने मिळत नव्हती, नशिबाने मिळत होती. रॉजर उल्रिच या संशोधकाने १९७२ ते १९८१ पर्यंतचे जुने कागद काढले आणि वय, वजन, सिगारेटची सवय वगैरे जुळवून २३ जोड्या लावल्या. झाडांना पालवी असते त्याच महिन्यांतले पेशंट घेतले. भिंतवाले सरासरी ८.७० दिवसांनी घरी गेले, झाडवाले ७.९६ दिवसांनी. झाडवाल्यांना कडक वेदनाशामकंही कमी लागली. हा निबंध १९८४ साली ‘सायन्स’मध्ये छापून आला. फरक एका दिवसाहूनही कमी आहे, हे लक्षात ठेवा. या विषयातले फरक बहुतेक असेच असतात, छोटे.

आता मुलांकडे आणि त्यांच्या ‘लक्षा’कडे येऊ. आपल्या भाषेने इथे मोठी सोय करून ठेवली आहे. आपण अभ्यासाकडे लक्ष देतो, पण खारीकडे लक्ष जातं. देणं म्हटलं की खर्च आला. सहाचा पाढा म्हणताना बाहेरचा हॉर्न, शेजारचा टीव्ही, पोटातली भूक हे सगळं दाबून ठेवावं लागतं, आणि दाबून दाबून मूल थकतं. मिशिगन विद्यापीठातल्या रेचल आणि स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने नेमका हाच भेद धरून एक सिद्धान्त मांडला. १९८९ साली त्यांचं या विषयावरचं मोठं पुस्तक आलं. त्यांचं म्हणणं असं : पानांची सळसळ, ढग, मुंग्यांची रांग यांच्याकडे लक्ष आपोआप जातं, पण ते अलगद जातं. मनाला इकडेतिकडे फिरायला जागा उरते. तेवढ्या वेळात ‘लक्ष देणारा’ भाग विश्रांती घेतो. मोबाइलवरच्या रील्सकडेही लक्ष आपोआपच जातं की, असं तुमचा मुलगा म्हणेल. पण तिथे ते जात नाही, खेचलं जातं. आणि खेचून नेलेल्याला विश्रांती कुठली?

सिद्धान्त गोड आहे, पण तो तोलायचा कसा? त्यासाठीचा तराजू तुमच्या घरात आत्ता तयार होईल. नातवाला म्हणा, ‘‘चार, सात, दोन, नऊ.’’ त्याने उलट म्हणायचं : नऊ, दोन, सात, चार. जमलं तर पाच आकडे, मग सहा. ऐकलेलं डोक्यात धरून ठेवायचं आणि धरता धरता फिरवायचं, यासाठी लक्ष द्यावंच लागतं. थकलेलं डोकं इथे लगेच पकडलं जातं.

इलिनॉय विद्यापीठातल्या आंद्रेया फेबर टेलर आणि फ्रान्सेस कुओ यांनी हाच तराजू घेतला. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात ७ ते १२ वर्षांची १७ मुलं होती. या सगळ्यांना डॉक्टरांनी एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकत नाही आणि मूल एका जागी ठरत नाही असा त्रास असल्याचं निदान केलेलं होतं. प्रत्येक मुलाला आठवड्याच्या अंतराने तीन वेळा, दर वेळी २० मिनिटं चालायला नेलं : एकदा बागेत, एकदा शहराच्या बाजारपेठेत, एकदा स्वच्छ घरांच्या गल्लीत. आधी कुठे आणि नंतर कुठे, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं. परत आल्यावर उलटे आकडे. बागेतून आलेल्या दिवशी मुलांना ते जास्त जमले.

यातली खुबी अशी, की इथे श्रीमंत मुलाची गरिबाशी तुलनाच नाही. त्याच मुलाची त्याच्याशीच तुलना आहे. आईबाप तेच, क्लास तोच, बदलला तो फक्त रस्ता. तुमच्या मुलाच्या शंकेला हे चोख उत्तर आहे. मात्र १७ मुलं म्हणजे फार थोडी. आणि यावरून ‘बागेत नेलं की औषध बंद’ असा अर्थ कुणी काढला, तर त्याला थांबवा.

थोड्या मुलांवरून निघालेली गोष्ट हजारो मुलांत टिकते का? बार्सिलोनातल्या पयाम दादवंद आणि सहकाऱ्यांनी ३६ प्राथमिक शाळांतली ७ ते १० वर्षांची २,५९३ मुलं घेतली. शाळेभोवती हिरवाई किती, हे त्यांनी उपग्रहाच्या चित्रांवरून मोजलं. हिरवं पान तांबडा प्रकाश शोषून घेतं आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश परत फेकतं, त्यामुळे वरून पाहताना डांबर आणि झाड यांत गफलत होत नाही. मुलांची परीक्षा एकदा न घेता वर्षभरात चार वेळा घेतली. त्यामुळे कोण हुशार आहे याऐवजी कोण किती पुढे सरकलं, हे मोजता आलं. आईचं शिक्षण आणि वस्तीची आर्थिक स्थितीही हिशेबात धरली. एवढं करूनही, ज्या शाळांच्या आवारात आणि भोवती झाडं जास्त, तिथल्या मुलांची कार्यरत स्मरणशक्ती, म्हणजे तीच उलट्या आकड्यांच्या जातीची, वर्षभरात अधिक वाढली होती.

आता या निष्कर्षाची खरी गंमत. त्या वाढीतला बराचसा भाग हवेने समजावता आला. झाडांच्या शाळांत गाड्यांच्या धुराची काजळी कमी होती. म्हणजे झाडाने काही दिलं असेल ते असेलच, पण झाड होतं तिथे गाडी नव्हती, हेही पुष्कळ कामाला आलं. तुमचा गुलमोहर गेला आणि त्या जागी पार्किंग आलं. हिशेब दोन्हीकडून चुकला.

हा अभ्यास २०१५ सालचा. त्याच वर्षी चीनमधल्या ग्वांगझोऊ शहरातून एक वेगळीच बातमी आली, तीही मुलांबद्दलच. तिथे लहान मुलांना चष्मे भराभर लागत होते. संशोधकांनी १२ शाळा निवडल्या आणि चिठ्ठ्या टाकून त्यांतल्या सहा शाळांत पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटं जास्त वर्गाबाहेर काढलं. उरलेल्या सहांत सगळं नेहमीसारखं. तीन वर्षांनी पाहिलं तेव्हा नेहमीसारख्या शाळांतल्या ३९.५ टक्के मुलांना जवळचं दिसतं पण लांबचं दिसत नाही असा दोष जडला होता. बाहेर काढलेल्यांत ३०.४ टक्के.

इथे झाडाचा संबंधच नाही. काम केलं ते उजेडाने. वर्गात दिवे लावूनही काही शे लक्स एवढाच उजेड मिळतो. बाहेर, अगदी सावलीतसुद्धा, तो काही हजारांत असतो आणि उन्हात लाखाच्या घरात जातो. भरपूर उजेडात डोळ्याच्या पडद्यात डोपामिन स्रवतं आणि ते डोळ्याच्या गोळ्याला मागे वाजवीपेक्षा लांब वाढू देत नाही, असा आजचा समज आहे. तैवानने तर २०१० पासून मुलांना रोज १२० मिनिटं बाहेर काढण्याची मोहीमच घेतली. दिल्लीतल्या शाळांत एम्सच्या डॉक्टरांनी केलेल्या पाहणीत १३.१ टक्के मुलांना हा दोष आढळला होता, आणि बाहेर खेळण्याचा वेळ जास्त असलेल्यांत तो कमी होता. त्यामुळे ‘उन्हात काय खेळतोस, आत ये’ हे वाक्य मेच्या दुपारीच म्हणावं. संध्याकाळी पाचला म्हणू नये.

मातीचाही असाच शोध घेतला गेला आहे. फिनलंडमध्ये काही पाळणाघरांच्या खडी पसरलेल्या अंगणात जंगलातली जमीन गवता-शेवाळासकट उचलून आणून अंथरली. ३ ते ५ वर्षांची मुलं २८ दिवस त्यात लोळली, खणली, बिया लावल्या. दहा पाळणाघरांतल्या ७५ मुलांचा हा अभ्यास २०२० मध्ये छापला गेला. जंगल अंथरलेल्या अंगणातल्या मुलांच्या त्वचेवर निरुपद्रवी जिवाणूंचे प्रकार वाढले आणि रक्तात रोगप्रतिकार यंत्रणेला आवरून धरणाऱ्या घटकांत चांगला फरक दिसला. यातून ही मुलं पुढे कमी आजारी पडतील का, ते एका महिन्यात कळण्यासारखं नाही. पण चिखलात खेळून आलेल्या नातवाला ओरडण्यापूर्वी एक क्षण थांबायला एवढं पुरे.

बघा आजी, ‘निसर्ग’ हा एक शब्द धरून निघालो आणि त्याच्या आतून किती निरनिराळ्या गोष्टी निघाल्या : विसावलेलं लक्ष, कमी धूर, जास्त उजेड, थोडी माती. यांतल्या कुठल्याच गोष्टीसाठी महाबळेश्वरला जावं लागत नाही. आणि यांत एक गोष्ट आणखी घालायला हवी. ती झाडाएवढी देखणी नाही, म्हणून तिच्यावर जेवताना भांडणं होत नाहीत. ती म्हणजे झोप.

इस्राएलमध्ये तेल अवीव विद्यापीठातल्या आवी सादेह यांनी चौथी आणि सहावीतली ७७ मुलं घेतली. निम्म्यांना सांगितलं, तीन रात्री तासभर उशिरा झोपा. निम्म्यांना सांगितलं, तासभर लवकर. मुलांच्या मनगटावर घड्याळासारखं यंत्र बांधलं होतं, त्यामुळे थापा चालल्या नाहीत. प्रत्यक्षात तासभर जमलं नाहीच, अर्ध्या-पाऊण तासाचाच फरक पडला. पण तेवढ्यानेही जास्त झोपलेल्यांच्या स्मरणाच्या आणि लक्षाच्या चाचण्या सुधारल्या. हे २००३ सालचं काम. ६ ते १२ वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास झोप हवी, असं अमेरिकेतल्या निद्रातज्ज्ञांच्या संस्थेने २०१६ मध्ये जाहीर केलं. आपल्याकडे फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवायला सांगितलं, तेही मुलांची झोप पुरी होत नाही याच कारणाने. तुमचा नातू चौथीत, म्हणजे या सवलतीचं त्याचं हे शेवटचं वर्ष. पुढच्या जूनमध्ये शाळा सकाळची झाली, तर गुलमोहराइतकीच रात्रीच्या मालिकेची वेळही चर्चेला घ्या.

मग जेवणाच्या ताटावरचा निकाल काय? वस्त्यांची वस्त्यांशी तुलना करून काढलेल्या निष्कर्षांबाबत मुलगा बरोबर. पण जिथे चिठ्ठ्या टाकल्या, जिथे मुलाची स्वतःशीच तुलना केली, तिथेही फरक उरतो. तिथे सून बरोबर. तो फरक छोटा असतो आणि झाड शिकवणीची जागा घेत नाही. झाडाकडे बघून पाढे पाठ होत नाहीत. पाढे पाठ करून थकलेलं डोकं पुन्हा कामावर येतं, इतकंच.

मुलाला आणखी एक विचारा. खिडकीतलं झाड पैशानेच मिळत असेल, तर पैसे नसलेल्यांची मुलं कुठे भेटतात? शाळेत. खिडक्या वाटून देता येत नाहीत, पण शाळेचं आवार सगळ्यांचं असतं. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हा विचार आपल्याकडे उलट्या बाजूने केला होता. बोर्डीला १९४५ मध्ये सुरू झालेलं त्यांचं काम पुढे डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. वारल्यांची पोरं गुरं राखायला जायची आणि शाळेत येत नसत. तर या बायांनी शाळाच कुरणावर नेली. नावही तसंच : कुरणशाळा. पाड्यातल्या अंगणात भरणारी ती अंगणवाडी, हा शब्दही ताराबाईंचाच. त्यांनी हे काही लक्ष सुधारायला केलं नव्हतं. मूल जिथे आहे तिथे शिक्षण गेलं पाहिजे, एवढाच त्यांचा आग्रह होता. आज गरज उलटी आहे. मूल शाळेच्या फरसबंद आवारात आहे, तर झाड तिथे गेलं पाहिजे. तुमच्या मुलाचा आक्षेप खरा असेल, तर तो त्याच आवारात खड्डा खणायला पहिला यायला हवा.

तोवर घरच्या घरी एक प्रयोग. तीन रविवार घ्या. एका रविवारी नातवाला २० मिनिटं झाडं असलेल्या रस्त्याने चालवा, एका रविवारी स्टेशनच्या गर्दीतून, एका रविवारी घरीच मोबाइल हातात द्या. कुठला रविवार कशाचा, ते चिठ्ठी उचलून ठरवा. नंतर उलटे आकडे. आकडे दर वेळी नवे, आणि विचारायला मुलाला बसवा. तो दिवस कशाचा होता, हे त्याला सांगू नका. एका मुलावरून शास्त्र बनत नाही. पण तराजू कसा धरतात, ते तिघांनाही कळेल.

---

याच विषयावरची दोन छोटी पत्रं

प्रश्न : आमच्याकडे बागही नाही आणि वेळही नाही. टीव्हीवर जंगलाचे कार्यक्रम लावले तर चालेल का?
– एक आई, पिंपरी

उत्तर : थोडंफार. मिशिगनमध्येच मार्क बर्मन आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये मोठ्या माणसांना निसर्गाची आणि शहराची नुसती चित्रं दाखवून पाहिली. निसर्गाच्या चित्रांनंतर लक्षाची एक चाचणी सुधारली. त्याच निबंधात प्रत्यक्ष चालण्याचाही प्रयोग आहे, आणि त्यात कडाक्याच्या थंडीत कुडकुडत चाललेल्यांनाही फायदा झाला. म्हणजे मजा यायलाच हवी असं नाही. पण पडद्यावरच्या जंगलात उजेड नाही, माती नाही, चालणं नाही. त्यातून कार्यक्रम वाघाच्या शिकारीचा असेल, तर लक्ष पुन्हा खेचलंच जाणार. कुंडीतली तुळस आणि गॅलरीत दाणे टिपायला येणारी चिमणी बरी. मुलाला तुळशीला रोज पाणी घालायला विसरू देऊ नका.

प्रश्न : मी शिक्षक आहे. अभ्यास पुरा न करणाऱ्या मुलांना मधल्या सुट्टीत वर्गात बसवून तो पुरा करून घेतो. यात चूक आहे का?
– एक शिक्षक, सांगली

उत्तर : सर, हेतू चांगला आहे, पण वेळ चुकीची निवडलीत. इलिनॉयमधल्या पाच हायस्कुलांत ९४ विद्यार्थ्यांना चिठ्ठ्या टाकून तीन प्रकारच्या खोल्यांत बसवलं : बिनखिडकीची, भिंतीकडे खिडकी असलेली आणि झाडांकडे खिडकी असलेली. काम चालू असताना तिघांत फरक पडला नाही. फरक पडला तो मधल्या दहा मिनिटांच्या सुट्टीनंतर, आणि झाडं दिसणाऱ्यांनाच. याचा अर्थ, झाडालाही काम करायला सुट्टी लागते. त्याच राज्यात चार्ल्स हिलमन यांना २००९ मध्ये आढळलं, की नुसती २० मिनिटं चालून आलेली नऊ-दहा वर्षांची मुलं वाचलेलं जास्त चांगलं समजून घेतात. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने तर २०१३ मध्ये स्पष्टच म्हटलं, की मधली सुट्टी शिक्षा म्हणून किंवा अभ्यासासाठी काढून घेऊ नये. ज्याचा अभ्यास राहतो, त्याच्यापाशीच लक्षाची शिल्लक सगळ्यांत कमी असते. त्याची सुट्टी कापली की उरलीसुरलीही जाते. त्याला बाहेर सोडा, घंटा झाली की बोलवा आणि मग वही उघडायला सांगा.